समाधानी म्हणून लिहिलेली बाई

अन्याय झाला तो उदगीर-देगलूर रस्त्यावरच्या एका गावात, बुद्धवाड्यात राहणाऱ्या आणि रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या एका बाईवर. कधी झाला तेही सांगते. लातूर जिल्हा झाल्यानंतरचा पहिला उन्हाळा, भीमजयंतीच्या आधीचा सोमवार, सकाळी टँकर आला ती वेळ. आमच्या संस्थेची पाणगाडी भरल्या घागरींसकट तिच्या पायावर पडली. जयंती झाल्यावर दोन दिवसांनी आम्ही तिच्या घरी गेलो आणि तिच्या नावापुढे 'समाधानी' लिहून आलो. ते लिहिणारी मी.

मी नांदेडची. कॉलेजापासून पत्रकं लिहीत आले. चार ओळींत समोरच्याला पेटवणं मला जमतं आणि त्याची मला लाज नाही. पण पत्रक लिहिणाऱ्याला एक खोड लागते. उत्तर आधी ठरलेलं असतं, प्रश्न मागून येतो.

पाणगाडी आम्हीच काढली. दोन चाकं, एक दांडा, घागरी बसवायला चार कडी. दोन कडी दांड्याकडे, दोन पुढे. उदगीरच्या एका वेल्डिंगवाल्या मिस्त्रींनी ती बनवली, त्यांच्याच अंगणात फरशीवर चारही घागरी भरून आम्ही ओढून पाहिली आणि टाळ्या वाजवल्या. बायांनी ती फुकट घेतली नव्हती, आपला वाटा भरून घेतली होती. म्हणजे त्या गिऱ्हाईक होत्या आणि गिऱ्हाइकाला विचारणं आमचं कामच होतं.

विचारलं कसं, ते ऐका. फॉर्म मी तयार केला. 'गाडीमुळे त्रास कमी झाला का?' याखाली दोन पर्याय, 'खूप' आणि 'बऱ्यापैकी'. तिसरा पर्याय मला सुचलाच नाही. जिल्हा नवा, म्हणून फॉर्मवरचं उस्मानाबाद खोडून वर हातानं लातूर लिहायचं, एवढीच दुरुस्ती आम्ही मन लावून केली. मग घरोघर फिरलो. प्रत्येक घरात आधी पाणी आलं. टँकर दोन दिवसांआड येत होता, तरी पाणी आलं. आम्ही प्यालो. नको म्हणणं वाईट दिसतं आणि बुद्धवाड्यात तर नको म्हणण्याचा अर्थच वेगळा होतो, म्हणून मी जरा जास्तच प्यायले. मग फॉर्म काढला.

त्या बाईनं पाय लुगड्याखाली घेतला होता. हळद लावलेलं फडकं मला दिसलं होतं. फॉर्ममध्ये पायासाठी रकाना नव्हता.

शुक्रवारी अहवाल जायचा होता आणि त्यावर पुढच्या चाळीस गाड्यांचं लोखंड कापलं जाणार होतं. बुधवारी मी पुन्हा गावात गेले, ते पत्रकासाठी. खुश गिऱ्हाइकाच्या तोंडची एक ओळ हवी होती. हमीचं काम चालू असताना ती घरी कशी, हेही मला खटकलं नाही. तिला आठवण करून द्यावी म्हणून तिचाच फॉर्म वाचून दाखवला.

"हे कोण म्हणलं?" तिनं विचारलं.

"तुम्हीच की मावशी. अंगठा आहे तुमचा."

"अंगठा माझा हाय. बोलणं तुमचं हाय."

मी म्हटलं, मग त्या दिवशी सांगायचं होतं. ती हसली.

"तुम्ही माझ्या दारात पाणी पिलाव. आलेल्या माणसाला पाणी पाजायचं आन् लगेच तुमची गाडी वंगाळ म्हनायचं? लई शिकल्याव, पर एवढं कळंना व्हय बाई तुम्हाला?"

मग तिनं पाय बाहेर काढला. आठवडाभर ती कामावर गेली नव्हती. मुकादम म्हणत होता, अजून चार दिवस आली नाहीस तर नाव कमी करतो. गाडी पडली कशी, ते तिनं रिकाम्या गाडीशेजारी बसून समजावलं. टँकरचा पाईप जिथं पोचतो तिथली घागर आधी भरते, रांगेत कुणी थांबत नाही. पुढच्या दोन भरल्या की दांडा वर जातो आणि गाडी पुढे तोंडावर पडते. पुढे पाईप धरून ती उभी होती.

"चारी घागरी एकदमच भरत्यात, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना टँकरच्या रांगेत नेलं. ते वाटेत चिडलेलेच होते. "माझ्या अंगनात तर सरळ उभी राहती की हो ताई. बायांनाच चालवता येत न्हाई." रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "तुमचं अंगन हिकडं आणा मंग." मी त्यांच्या हातात पाईप दिला. पुढच्या दोन घागरी भरल्या, दांडा वर गेला, मिस्त्री मागे उडाले म्हणून वाचले. गाडीभोवती फिरून त्यांनी खडूनं एक खूण केली. "पुढून एक पाय पायजे. अर्ध्या दिवसाचं काम हाय."

आमचे कार्यवाह म्हणाले, अहवाल छापून झालाय, शेवटी 'वापराचे प्रशिक्षण द्यावे' अशी एक ओळ टाकू. मी सरळ नाही म्हटलं. ती ओळ म्हणजे गाडीचा दोष बाईच्या माथी मारणं. अहवाल थांबला. चाळीसच्या चाळीस गाड्या पुढच्या पायासह झाल्या. जुन्या गाड्यांतली पहिली दुरुस्ती तिच्या दारात झाली आणि गाडी आमची पडली, असं लेखी घेऊन मी मुकादमाकडे गेले. तिचं नाव राहिलं.

हे मी कबुली म्हणून लिहीत नाही. आता आम्ही असंच काम करतो. जे लिहिलं ते ज्याचं त्याला मोठ्यानं वाचून दाखवतो, टँकरपाशी, सगळ्यांसमोर. बाया आमच्या कागदाची चिरफाड करतात आणि गाडी सुधारते.

तुमच्या टेबलातही असा 'समाधानी' कागदांचा गठ्ठा असणार. पतसंस्थेत असाल, कारखान्यात असाल, कचेरीत असाल. आजच त्यातला एक कागद काढा. ज्याचा अंगठा त्यावर आहे त्याला गाठा, त्याचं पाणी न पिता तो कागद वाचून दाखवा, आणि हे मी म्हणलो न्हाई असं तो म्हणाला तर तिथंच, त्याच्या डोळ्यांसमोर, खोडा.