चौथी कड

मंगळवारी सोनोग्राफीत बाळ दिसलं. बाळाच्या शेजारी गाठ दिसली.

डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. बाळ हलत होतं. गाठ हलत नव्हती. "फायब्रॉइड आहे," त्या म्हणाल्या. "गर्भाशयाच्या स्नायूची गाठ. कॅन्सर नाही. पुष्कळ जणींना असते आणि बहुतेकींचं सगळं नीट पार पडतं. तुमची जरा मोठी आहे, आणि बाळाला रक्त पुरवणारी वार नेमकी गाठीच्या अंगावर बसली आहे. म्हणून लक्ष ठेवावं लागेल. बाळ जितके दिवस आत राहील तितकं चांगलं."

हे शेवटचं वाक्य मी घरी घेऊन आले.

घरात वेगळाच पेच होता. सासूबाईंनी दोन दुपटी शिवून ठेवली होती. माझं पोट दिवसांच्या मानाने मोठं दिसायचं, आणि शेजारच्या काकूंनी निकाल देऊन टाकला होता, "हे एकाचं पोट नाही. पक्की जुळी आहेत, लिहून घ्या." सासूबाईंचं माहेर महूचं. तिकडे त्यांच्या घरात जुळी नवी नव्हती, म्हणून त्यांनाही ते पटलं. नवरा सगळ्यांनाच, अगदी मलाही, भिया म्हणजे भाऊ म्हणे; पोलोग्राउंडच्या कारखान्यातून आला की म्हणायचा, "मग तर भिया, स्कूटरला साइडकार लावावी लागेल."

सासूबाईंच्या माहेरी बाळ येण्याआधी त्याची कुठलीच वस्तू पुरी करत नाहीत. दुपटं जुन्या सुती साडीचं असतं. तीन बाजू शिवायच्या आणि चौथी कड उघडी ठेवायची. बाळ घरात आलं की ती आजीने शिवायची. आणि बाळासाठी घातलेला टाका उसवायचा नाही, हाही नियमच. त्यामुळे बाळ एकच आहे हे कळल्यावरही दोन्ही दुपटी तशीच राहिली.

"म्हणजे दुसरं बाळ नाही, किरायेदार निघाला," काकू म्हणाल्या.

"किरायेदार कसला," सासूबाई म्हणाल्या. "भाडं देत नाही आणि खोली मोठी मागतो."

आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसले असेन.

त्यानंतरचे महिने मला पाण्यातून पाहिल्यासारखे आठवतात. मी कॉलेजच्या पुस्तकालयातून रजा घेतली आणि खिडकीजवळच्या पलंगावर डाव्या कुशीवर पडून राहू लागले. दुपारी उन्हाचा चौकोन भिंतीवरून सरकत पुस्तकावर येई आणि अक्षरं पुसट होत. डोळा लागला की बहुधा एकच स्वप्न पडे. गावातल्या लालबागच्या मैदानात मेळ्याचे तंबू उभे राहताहेत, कनाती वाऱ्याने फुगताहेत, आणि गवतावर एक लहान मूल बसलं आहे. त्याच्या शेजारी आणखी कुणीतरी बसलं आहे, पाठमोरं, गोल खांद्यांचं. दोघांचं भांडण नाही. दोघं एकाच ताटातून जेवताहेत. मला पाठमोऱ्याला म्हणायचं असे, जरा सरक. पण स्वप्नात माझा आवाज निघत नसे.

पाचव्या महिन्यात गाठ दुखू लागली. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं ते दुखणं होतं. डॉक्टरबाईंनी तपासलं. "गाठ वाढली आणि तिला रक्त अपुरं पडतंय, म्हणून ती आतून मरते आहे. दुखणं तिचं आहे, बाळाचं नाही." चार दिवसांत ते थांबलं. मला विचित्र वाटलं. माझ्या आत काहीतरी मरत होतं आणि ती बातमी चांगली होती.

सासूबाई रोज माझ्या पायांना तेल लावत आणि पोटाशी बोलत. "घाई करायची नाही हं. बाहेर काही नाही, नुसती धूळ आहे. आत बस आरामात." मग पोटाच्या दुसऱ्या बाजूला वळून म्हणत, "आणि तू, गुपचूप राहा."

सातवा संपत आला होता. सकाळी पोहे खात असताना पोट दगडासारखं घट्ट झालं आणि सुटेना. मग रक्त गेलं. गाठीवरची वार वेळेआधी सुटली होती. लगेच ऑपरेशन केलं. मुलगी झाली. रडली ती, पण मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

पुढचं मला नवऱ्याने सांगितलं. डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन सांगितलं की माझं रक्त फार गेलंय, मुलीला श्वास घेणं जड जातंय, मनाची तयारी ठेवा. सासूबाईंनी पिशवीतून एक दुपटं काढलं, सुईत दोरा ओवला आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून चौथी कड शिवायला घेतली. नवरा म्हणाला, "आई, घरी गेल्यावर शिवतात ना."

"हो," त्या म्हणाल्या. "इथंच घर समज."

टाके त्यांचे नेहमी बारीक असत. त्या दिवशीही त्यांनी एकही लांब टाका घातला नाही. दोरा तोडून दुपटं आत पाठवलं तेव्हा मुलगी श्वास घेत होती. नर्सने तिला त्यात गुंडाळून माझ्याजवळ आणलं. खोलीत दुपारचं ऊन होतं. तिचे केस ओले होते. मी तिच्याकडे पाहत राहिले. ऊन भिंतीवरून उतरायच्या आत ती गेली. दुपटं तिच्याबरोबर गेलं.

डॉक्टरबाई टाके पाहायला आल्या तेव्हा मी विचारलं, "गाठ काढली का?"

"नाही. त्या वेळी काढली असती तर तुमचं रक्त थांबलं नसतं." पट्टी नीट करून त्या म्हणाल्या, "तुम्ही काही केलं म्हणून हे झालं नाही. पलंगावरून उठला नसतात तरी झालं असतं."

मी मान हलवली. या वाक्यापाशी मी अजूनही जाऊन बसते.

आता मी परत कामावर जाते. काकू पोटाबद्दल बोलत नाहीत, भाजीबद्दल बोलतात. गाठ आहे, आकसून लहान झाली आहे. दुसरं दुपटं कपाटात आहे. त्याच्या तीन बाजू शिवलेल्या आहेत.