हिला धरू नका

"शंभर!" भाऊसाहेब ओरडले. "बाजूला हो तू. ए, सगळ्या मागं सरा!"

माझ्या कपाळापुढं ती ताप मोजायची पांढरी बंदूक अजून रोखलेलीच होती. रांगेत माझ्यामागे चार पोरी होत्या. चौघी मागे सरल्या. एक तर पळालीच. माझ्याबरोबर तिसरीपासून कबड्डी खेळलेल्या पोरी या. कोरोनामुळे दीड वर्ष मैदान बंद होतं आणि त्या दिवशी उघडलं होतं. खेळ सुरू व्हायच्या आधीच मी बाद.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या गावातल्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. मैदान गायरानाचं. पण कुंपण त्यांनी घातलं, म्हणून फाटक त्यांचं, कुलूप त्यांचं, आणि आता ती बंदूकही त्यांचीच.

"मला ताप न्हाई," मी म्हणाले.

"मग मशीन खोटं बोलतंय का? ऊसतोडीची माणसं तुमी. कुठून काय घेऊन येता, देव जाणे."

ऊसतोडीवरून परत येऊन आम्हाला पाच महिने झाले होते. आल्या आल्या चौदा दिवस गावाबाहेर माळावर काढले होते, तेही भोगून झालं होतं. भाऊसाहेबांची मुलगी परवाच पुण्याहून मामाकडून आली होती. ती रांगेत सगळ्यात पुढे होती. तिच्याकडे बंदूक नुसती दाखवली आणि ती आत गेली.

ताप खरंच नव्हता. आमचं गाव तलवाड्याच्या पुढं, आणि आमची वस्ती गावापासून चार किलोमीटर आत. भादव्यातल्या उन्हात दुपारी तीनला चार किलोमीटर चालून या आणि मग कपाळाला हात लावून बघा. बाकीच्या पोरी बापाच्या, भावाच्या मोटारसायकलवर यायच्या. भाऊसाहेबांची मुलगी गाडीतून, काचा लावून. ही एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला तीन दिवस लागले. तोवर मला स्वतःलाच वाटत होतं की आपल्याला काहीतरी झालंय. मायला लागू नये म्हणून मी घरात तिच्यापासून लांब बसून जेवत होते. ते आठवलं की अजून स्वतःचाच राग येतो.

ते तीन दिवस मी मैदानावर जातच होते. "आलीच हायेस तर फक्की मार," सर म्हणाले. सर म्हणजे आमच्या शाळेचे खेळाचे शिक्षक. मला कबड्डी त्यांनीच शिकवली. पण भाऊसाहेबांपुढं त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मी चुन्याची फक्की घेऊन रेषा मारायचे. मध्यरेषा, निदान रेषा, बोनस. तेवढा वेळ माझा ताप कुणाला दिसायचा नाही. रेषा मारून झाल्या की मला बाहेर काढायचे आणि मी कुंपणाला धरून खेळ बघत उभी राहायचे.

का जात होते एवढं होऊन? मी दहावीत होते. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या भरणार, माय-बाप ऊस तोडायला जाणार. मागं राहायचं तर घरी दुसरं कुणी नाही. सरांनी शब्द दिला होता, तालुक्याच्या निवडीला जाणाऱ्या संघात आलीस तर हंगामभर वसतिगृहात तुझी सोय करतो. संघात नाव नसेल तर मग उसाचा फड. आणि दहावीतली पोरगी शाळा सोडून फडावर गेली की तिचं काय होतं हे वस्तीवर पोरासोरालाही ठाऊक आहे. पुढच्या हंगामाच्या आत लग्न. मग नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम जोडप्याला कोयताच म्हणतो. नावं त्याला लागत नाहीत.

चौथ्या दिवशी मी दीड वाजताच घर सोडलं. फाटकाजवळच्या बाभळीखाली तासभर बसले. बाटलीतल्या पाण्यानं ओढणी भिजवून डोक्यावर ठेवली. मग कपाळ कोरडं पुसून रांगेत उभी राहिले.

सत्त्याण्णव. भाऊसाहेबांनी पुन्हा दाबून पाहिलं. सत्त्याण्णवच.

आता तरी खेळायला मिळेल असं वाटलं. मिळालं. पण कसं!

"खेळ," ते म्हणाले. "पर कुणाला धरायचं न्हाई. आन पोरींनो, तुमी बी हिला धरू नका. उगं रिस्क कावून घ्यायची?"

कबड्डी. आणि धरायचं नाही. मला वाटलं थट्टा करतायत. मी सरांकडे पाहिलं. सर रुमालानं शिट्टी पुसत होते.

मी चढाईला गेले. "कबड्डी कबड्डी" करत आत शिरले आणि समोरच्या सातही पोरी बाजूला होत गेल्या. कुणी हात पुढे केला नाही, कुणी पाय टाकला नाही. मी सरळ शेवटच्या रेषेपर्यंत पोचले. वळून पाहिलं तर सगळ्या एका कोपऱ्यात गोळा होऊन उभ्या. एक हसली. मग सगळ्या हसल्या. कुंपणापाशी बसलेले दोघं-तिघं बाप होते, तेही हसले. त्यांच्यातला एक म्हणाला, "आरं, कोरोनालाच चढाईला धाडलंय की!"

मी कबड्डी कबड्डी म्हणत चालत परत आले. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. लाज वाटायला मी काय केलं होतं, ते मात्र काही केल्या सापडत नव्हतं.

मग त्यांची चढाई. भाऊसाहेबांची मुलगी आली. मी डाव्या कोपऱ्यात, माझ्या नेहमीच्या जागेवर. हात मागे बांधलेले, सांगितलं होतं तसे. ती बाकीच्यांना सोडून थेट माझ्याकडे आली. मी धरणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं पाय पुढे केला, मला शिवायला नाही, नुसता नाचवायला. मागे घेतला. पुन्हा पुढे केला. नव्या बुटाचं टोक माझ्या गुडघ्यापाशी, आणि ती दम न सोडता हसत होती.

तिसऱ्यांदा मी घोटा धरला.

नकळत धरला असं मी सांगत नाही. पूर्ण कळून धरला. संघ, वसतिगृह, दसरा, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि तरी धरला, दोन्ही हातांनी. ती तोंडावर आपटली. "सोड! ए भवाने, सोड तिला!" भाऊसाहेब फाटकापासून ओरडत धावले. मी सोडला नाही. तिचा दम तुटेपर्यंत धरून ठेवला, कारण खेळाचा नियम तोच आहे. दम तुटला, ती बाद झाली, मग सोडला.

सरांनी शिट्टी वाजवली नाही. भाऊसाहेबांनी खिशातली सॅनिटायझरची बाटली काढून मुलीच्या पायावर ओतली. सगळी. माझ्या डोळ्यांदेखत.

दुसऱ्या दिवशी सरांकडून निरोप आला. सगळ्यांसमोर हात जोडून माफी माग, मग राखीव खेळाडूंत नाव घालायला भाऊसाहेब तयार आहेत. राखीव असलं तरी वसतिगृह मिळणार होतं.

"माग बाई," बाप म्हणाला. "दोन शब्दानं आपलं काय झिजतंय? लांब हो म्हणलं की लांब व्हायचं, ह्ये आपल्याला काय नवं हाय?"

माय भाकरी थापत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "न्हाई मागितली तर फडावर यावं लागंल. तुझं तू बघ."

मी माफी मागितली नाही. दसरा झाला आणि मी गाडीत बसले. हंगामभर ऊस तोडला, मोळ्या वाहिल्या. ते वर्ष बुडालं. पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी काढली. लग्नाला नाही म्हणाले म्हणून बापाचा मार खाल्ला, एकदा नाही, तीनदा. लोकांना वाटतं अशा प्रसंगानंतर माणूस पेटून उठतो. मी पेटले वगैरे नाही. फार दमले. अजून तो शिणवटा अंगात आहे.

सर मधूनमधून भेटतात. "ते दिवसच तसे होते गं, सगळेच भ्याले होते," म्हणतात. मीही भ्याले होते सर. पण मी भिऊन स्वतः लांब बसले. तुम्ही मला हाकललंत.

माय-बाप अजून उसाला जातात, मी जात नाही. दिवसा कापूस वेचते आणि संध्याकाळी वस्तीमागच्या पडीक रानात नऊ पोरींना कबड्डी शिकवते. दसऱ्याला महिना राहिलाय. मुकादम परवा येऊन गेला. कुणाची पोरगी केवढी झाली हे त्याला तोंडपाठ असतं. सहा घरांशी माझं भांडून झालंय, तीन बाकी आहेत. पोरी राहणार कुठं, असं आया विचारतात. माझ्याकडे. खोली एकच आहे, दहा जणी अंग चोरून झोपू. यंदा यातली एकही गाडीत चढणार नाही. कुणी चढवायला आलंच, तर आधी मला गाडीपुढून हलवावं लागेल.