घड्याळ उशिरा सुटलं

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, तसे शांत. कुणी रांगेत पुढे घुसलं तरी म्हणतील, जाऊ दे, घाईत असेल. पण फोनवर ‘नवीन आवृत्ती आली आहे’ असं दिसलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड होतो. “आपण झोपलेलो असताना कुणीतरी घरात शिरून मिठाचा डबा साखरेच्या जागी ठेवून जातं,” ते म्हणतात, “आणि वर विचारतं, कसं वाटलं?” ताईनं एकदा त्यांच्या फोनवरची चित्रं जरा नीट लावून दिली, तर दोन दिवस धड बोलले नाहीत.

दाजी लिफ्ट दुरुस्त करतात. सामने असले की मात्र खेळाच्या हॉलमध्ये मैदानाच्या कडेला टेबलावर बसतात. संगणकावरून भिंतीवरचा गुणफलक आणि घड्याळ त्यांनी चालवायचं, आणि शेजारी बसून माईकवर मी बोलायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चाललंय. माझा आवाज मोठा, म्हणून त्यांनी माझं नाव भोंगा ठेवलंय. मेव्हणीला भोंगा म्हणणारा माणूस शांत कसला, असं ताईला मी हजारदा सांगितलंय.

दाजी पडद्याकडे बघतच नाहीत. डोळे पंचांच्या हातावर आणि बोटं बटणांवर. पंचांचा हात वर गेला की लांब बटण दाबून घड्याळ बंद, खाली आला की पुन्हा तेच बटण दाबून सुरू. हे सगळं उजव्या हातानं. डाव्या हातात गळ्यात अडकवलेलं जुनं स्टॉपवॉच, तेही त्याच क्षणी दाबायचं. हे दुसरं लटांबर कशाला, असं सगळे त्यांना चिडवतात. “यंत्रावर माझा विश्वास आहे,” दाजी म्हणतात, “ते रोज बदलणाऱ्यांवर नाही.”

तर आता अंतिम सामन्याचं सांगते. बास्केटबॉलच्या मुलींचा सामना, आणि त्यात दाजींची लेक, आमची बुटकी. लहानपणी पडलेलं नाव, आता ती बापापेक्षा वीतभर उंच आहे. तिचा संघ पहिल्यांदाच इथवर पोचला होता. ताई पुढच्या बाकावर रुमाल पिळत बसली होती. हॉल गच्च भरला होता.

दाजींनी संगणक चालू केला आणि पडद्यावर आलं: सुधारणा चालू आहे, कृपया बंद करू नका.

दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुली मैदानात धावून घाम काढायला लागल्या, पंच येऊन उभे राहिले, आणि पडद्यावरचं ते गोल चाक आपलं फिरतंय. मी माईकवर काहीबाही बोलत वेळ मारून नेली. शेवटी एकदाचा गुणफलकाचा प्रोग्रॅम उघडला, तर काय, ओळखीचं काही शिल्लकच नाही. ठळक काळे आकडे गेले, त्या जागी फिक्कट निळे आले. आणि सगळ्यात कहर म्हणजे, कुठलंही बटण दाबलं की मधोमध एक चौकोन उगवायचा: ‘नक्की?’ त्यावर माऊसनं ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढचं काही हलायचं नाही.

“सेकंदासेकंदाच्या खेळात मला ‘नक्की?’ विचारतोय,” दाजी दात आवळून म्हणाले. “याच्या घरी कुणी धावत नाही का?”

मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, आता चुकून बटण दाबलं जाण्याची भीती नाही. दाजींनी फोन ठेवला.

मग आम्ही तोड काढली. बटणं ते दाबणार, माऊस माझ्या हातात. त्यांनी दाबलं रे दाबलं की मी ‘हो’ म्हणायचं. एका हातात माईक, दुसऱ्यात माऊस, माझी नुसती तारांबळ. “आयुष्यात इतक्यांदा कुणाला हो म्हटलं नाही मी,” मी म्हटलं. “म्हणूनच सुखी आहेस,” दाजी म्हणाले, मैदानावरची नजर न हलवता.

आणि काय सांगू, जमलं. सामना असा रंगला की विचारू नका. कधी आम्ही पुढे, कधी त्या. शेवटी बुटकीचा संघ एका गुणानं मागे, चार सेकंद उरलेले, आणि चेंडू आमच्याकडे. ताईनं डोळे मिटून घेतले होते.

पंचांचा हात खाली आला. दाजींनी दोन्ही हातांनी दाबलं. मी माऊस पुढे नेला, तर ‘नक्की?’च्या डोक्यावर दुसराच एक रंगीत चौकोन येऊन बसला: ‘नवीन सोयींची ओळख करून घ्यायची का?’ मी तो झटकला, खालचा शोधला, ‘हो’ दाबलं. तेव्हा कुठे घड्याळ सुटलं. तोवर चेंडू बुटकीकडे पोचला होता. ती वळली, उडी मारली, चेंडू कड्यातून खाली आला आणि मग घंटा वाजली.

हॉल नुसता पेटला. ताई रडत होती, मुली एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. समोरच्या संघातली एक मुलगी मैदानातच खाली बसली. मी माईक तोंडाशी नेला, आणि शेजारी दाजी उभे राहिले. स्टॉपवॉच त्यांनी पंचांच्या दिशेनं उंच धरलं होतं.

मी त्यांचा शर्ट ओढला. “दाजी, खाली बसा.”

“घड्याळ उशिरा सुटलं. तिच्या हातून चेंडू निघाला तेव्हा मी हे थांबवलं, चार सेकंद आधीच उलटून गेले होते.”

“कुणी बघितलं नाही.”

“मी बघितलं,” दाजी म्हणाले.

मला त्यांचा इतका राग आला की ते स्टॉपवॉच हिसकावून घ्यावंसं वाटलं. पंच टेबलाशी आले, ऐकलं, स्टॉपवॉच बघितलं. बुटकी धापा टाकत मागे येऊन उभी होती. “बाबा, कशाला?” एवढंच म्हणाली.

पंचांनी निकाल दिला. बास्केट रद्द. शेवटचे चार सेकंद पुन्हा खेळायचे, आणि या वेळी संगणकावर नाही, दाजींच्या स्टॉपवॉचवर. वेळ संपली की त्यांनीच शिट्टी मारायची. दोन्ही संघांना मान्य झालं. दाजींनी शिट्टी ओठांत धरली.

चेंडू आत आला. आता बुटकीवर दोघीजणी तुटून पडल्या. तिनं चेंडू सोडला, परत मिळवला, अंग चोरून दोघींच्या मधून उठली आणि फेकला. चेंडू हवेत असतानाच शिट्टी झाली. कड्यावर आपटला, वर उडाला, पुन्हा आपटला, आणि आत पडला.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही, लोक सांगतात की माईकची गरज नव्हती. चेंडू शिट्टीच्या आधीच हातातून सुटला होता, म्हणून पंचांनी बास्केट दिली. सगळा हॉल उभा होता, आणि दाजी अजून स्टॉपवॉचकडेच बघत खुर्चीत बसले होते.

“गेला का?” त्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जन्मभर मैदानावरून नजर न काढणाऱ्या या माणसाला नेमकं आज काट्याकडे बघावं लागलं होतं. पोरीचा चेंडू त्यांनी पाहिलाच नव्हता. मी मान डोलावली.

बक्षिसं वाटून झाली, बाक रिकामे व्हायला लागले, तेव्हा बुटकी टेबलाशी आली. “बाबा, दुसरा बघितलात ना?”

“घड्याळ बघत होतो गं,” दाजी म्हणाले.

तिनं जिंकलेली ढाल माझ्या मांडीवर टाकली, कोपऱ्यातला चेंडू उचलला आणि बरोबर त्याच जागी जाऊन उभी राहिली. “आता बघा.”

पहिला चुकला. ताई लांबून हसली. “ते सोडा,” बुटकी म्हणाली आणि दुसरा टाकला. तो सरळ आत गेला. दाजींचं बोट सवयीनं आपोआप बटणावर पडलं, आणि पडद्यावर तो मेला चौकोन उगवला: ‘दोन गुण. नक्की?’

मी माऊसकडे हात नेला. दाजींनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः ‘हो’ म्हटलं.