वहिनीचे जांभळे ओठ

नणंदेने वहिनीचं कौतुक करावं हे लोकांना पटत नाही. न पटो. माझी वहिनी पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक आहे आणि गटांगळ्या खाणाऱ्या माणसाला ती ज्या सफाईने काठाला आणते, ते पाहून माझा ऊर भरून येतो. तिचे ओठ आणि नखं मात्र जन्मापासून जांभळट. तिच्या वडिलांचीही तशीच होती. बीट, खजूर, लोहाच्या गोळ्या, सगळं करून झालं, रंग काही हटला नाही.

स्वतःसाठी तिने त्या रंगाची कधी पर्वा केली नाही. पण भाची तेच ओठ घेऊन जन्मली आणि या वाघिणीची शेळी झाली. गावभरच्या पोरांना पोहायला शिकवणारी ही बाई स्वतःच्या मुलीला गुडघाभर पाण्यापुढे जाऊ देईना. म्हणायची, "ताई, तिला दम लागला तर?" मला राग यायचा, पण आईपुढे आत्याचं काय चालणार?

यंदा तलावावर नव्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांची तपासणी काढली. वहिनीने काय करावं? ओठांना लाली लावली आणि दहाही नखांना लाल रंग फासला! प्राणवायू मोजायचा चिमटा बोटाला लावायचा म्हणून नर्सने तो पुसायला लावला आणि जांभळी नखं सगळ्यांना दिसली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? त्यात प्राणवायूचा आकडा ऐंशीच्या घरात. बाईंनी तिथल्या तिथे तिचं पाण्यात उतरणं बंद केलं.

मग हृदय, फुफ्फुसं, रक्त, सगळं तपासलं. शेवटी सायकलवर बसवलं. बाई ताण वाढवत गेल्या, वहिनी पाय मारत गेली. बघून बघून नर्सलाच घाम फुटला. वहिनी म्हणते, "अहो, या सायकलला जरा तेल घाला, किती कुरकुरते!"

बाई हसल्या. "तुमचं हिमोग्लोबिनच जन्मतः वेगळं आहे, वडिलांकडून आलेलं. ते प्राणवायू घट्ट धरून ठेवत नाही, म्हणून बोटावर आकडा कमी दिसतो. पण स्नायूंपाशी पोचलं की सढळ हाताने देऊन टाकतं. तुम्हाला काही कमी पडत नाही. उद्यापासून या कामावर."

वहिनी नोकरीबद्दल बोललीच नाही. "आणि माझी मुलगी?" तिचा आवाज पार खाली गेला होता.

"तिलाही तपासू. तुमच्यासारखंच निघालं तर पोहू दे की खुशाल."

तसंच निघालं. वहिनीने तिला स्वतः शिकवलं आणि एका सकाळी भाची पहिल्यांदा खोल पाण्यातून एकटी पलीकडे निघाली. मध्येच तिचे हात मंदावले, डोकं जरा खाली गेलं. वहिनी उठून उभी राहिली. आता ही उडी मारणार, असं मला वाटलं. तिने मारली नाही. माझं मनगट मात्र असं आवळलं की मी कळवळले, आणि भाचीने पलीकडचा कठडा धरेपर्यंत ते सोडलं नाही.