आटपाडीचा सकाळचा फोन

सांगलीच्या दूध संघात चारुलताबाईंना सगळे ‘कॉम्प्युटरवाल्या बाई’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि आपलं काम त्यांच्या गळ्यात घालायची सोय किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. बाई मुळात प्रयोगशाळेतल्या. संघात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायला कोणी धजेना, म्हणून त्यांनी लावला, आणि तेव्हापासून तो हात तिथेच अडकला.

पण त्यांचा दिवस कॉम्प्युटरनं सुरू होत नसे. तो सुरू होई आटपाडीच्या फोननं. आटपाडीला संघाचं दूध थंड करायचं केंद्र होतं आणि तिथे शालूबाई फॅट काढायच्या. गावोगावचं दूध आलं की प्रत्येक गावाचा नमुना तपासायचा आणि आकडे फोनवरून सांगलीला सांगायचे. त्यावर लोकांचं बिल निघे. लाइन कायम खरखरायची, पण शालूबाईंचा आवाज असा खणखणीत, की मधे फोन नसता तरी चाललं असतं. एका गावाचा आकडा आणि दुसऱ्या गावाचा आकडा यांच्या फटीत सगळं जग मावायचं. सुनेचं बाळंतपण, डाळिंबावरचा रोग, सांगलीतल्या हळदीचा खकाणा. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं. तरी एखाद्या सकाळी फोन लागला नाही, तर चारुलताबाईंना दिवसभर चहा घ्यायचा राहिल्यासारखं वाटे.

अठ्ठ्याण्णव साली संघानं सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं मनावर घेतलं आणि पुण्याहून वरद नावाचा इंजिनिअर आला. त्यानं दोन पर्याय ठेवले. एक राउटिंग स्विच. आवारातली हिशेब शाखा, प्रयोगशाळा, डेअरी, सगळीकडे माहिती झटक्यात पोचवणार. दुसरा राउटर. तो आवारात त्या मानानं संथ, पण टेलिफोनच्या तारेवरून परगावच्या कॉम्प्युटरशीही बोलणार.

“स्विच घेतला तर आटपाडीची तार त्यात कुठे जोडायची?” चारुलताबाईंनी विचारलं.

“नाही जोडता येत, मॅडम. त्याला तसं तोंडच नाही.”

“आणि दोन्ही घेतले तर?”

यावर संघाचे व्यवस्थापक मधुकरराव नुसते हसले. ते असे हसले की विषय संपायचा. एवढ्यात, स्विच म्हटल्यावर तो आपल्या खात्यात येतो, असा दावा वायरमन बाळासोनंही करून पाहिला.

मधुकररावांचा ओढा स्विचकडे होता. “आटपाडीला फोन आहे की,” ते म्हणाले. आणि चारुलताबाईंनी मान डोलावली. जरा जास्तच चटकन डोलावली. वेग, आवारातली गर्दी, पुढची वाढ, अशी छान छान कारणं त्यांनी लेखी दिली. खरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं. आटपाडीपर्यंत तार जोडली गेली की आकडे तिथेच टंकले जाणार, सांगलीत पडद्यावर दिसणार, आणि सकाळचा फोन बंद. तो त्यांना बंद व्हायला नको होता. माणसाला एखाद्या गोष्टीचा एवढा लोभ असावा यात गैर काही नाही, पण तो शिफारशीत शिरला होता.

स्विच मागवायच्या आधी बाई भाचीच्या लग्नाला वाईला गेल्या. मागे फोन घेतला हिशेब शाखेतल्या मुकुलनं. पोरगा हुशार, पण दुधातला नव्हे. फॅट बोलताना मधला पॉइंट कोणी उच्चारत नाही. सहा दोन म्हणजे सहा पॉइंट दोन. पलीकडून शालूबाई म्हणाल्या, “सा येक.” मुकुलला वाटलं, बाई अंदाजानं सांगतायत, सहाएक असेल म्हणून. पुढच्या गावाचं “सात येक” आल्यावर तर त्याची खात्रीच पटली. त्यानं प्रामाणिकपणे दोन्ही ठिकाणी ‘अंदाजे’ असा शेरा मारला. आणि न तपासता अंदाजे सांगितलेल्या दुधाला सगळ्यांत कमी दर, असा संघाचा नियम.

बाई परतल्या तोवर बिलं वाटून झाली होती. दुसऱ्या सकाळी शालूबाईंनी आकडे सांगितले, नुसते आकडे. ना सून, ना डाळिंब.

“शालूबाई, बरं नाही का तुम्हाला?”

“मला काय धाड भरलीया. लोक म्हंत्यात, शालू फॅट काढतच न्हाई, डोळं झाकून ठोकून देती. इतकी वर्सं या कामात हाय मी, ताई. कुणाचा थेंब इकडचा तिकडं केला न्हाई. काल तर माझ्याच गावच्या बाया माझ्याम्होरनं तोंड फिरवून गेल्या.”

चारुलताबाईंनी शेरा शोधून काढला. मुकुलला काय बोलणार? तो फोनवर जे ऐकू आलं तेच लिहून बसला होता. बिलं त्यांनी त्याच दिवशी दुरुस्त करायला लावली, चूक सांगलीची आहे असं केंद्राच्या फळ्यावर लावायला सांगितलं. पण त्यांचं मन त्यांना खायला उठलं. आपल्याला गप्पा हव्यात म्हणून शालूबाईंचं नाव आपण त्या खरखरीवर टांगून ठेवणार होतो, हे त्यांना नीटच कळलं.

त्या मधुकररावांकडे गेल्या. “माझी शिफारस चुकली. राउटर घेऊ या.”

“अहो, तुम्हीच तर वेगाचं लिहून दिलंत.”

“आवारात वेग कमी पडला तर चालत जाऊन कागद देता येतो, साहेब. आटपाडीला चालत जाता येत नाही.”

मधुकरराव हसले नाहीत, म्हणजे विषय उघडा होता. राउटर आला. त्याचा धाकटा भाऊ आटपाडीला बसला, कारण बोलायचं तर पलीकडेही कोणी लागतंच. वरदनं शालूबाईंना आकडे टंकायला शिकवलं. ‘लय सोपं हाय, मशिन उलट बोलत न्हाई,’ असा त्यांचा निरोप त्यानं आणला. चारुलताबाई हसल्या आणि त्यांना वाईटही वाटलं.

पहिल्या सकाळी आकडे आले. एकाखाली एक, मधल्या पॉइंटसकट, कुठे खरखर नाही. बाईंनी ते पाहिले, पुन्हा पाहिले. काम एवढ्यात संपलंसुद्धा. खोलीत फार शांत वाटत होतं. त्या फायली इकडच्या तिकडे करत राहिल्या.

तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, आकडं पोचलं का?”

“पोचले, शालूबाई. सगळे पोचले. केंद्रावरून बोलताय का? साहेब रागावतील हं, आता फोनचं काम राहिलं नाही.”

“केंद्रावरनं न्हाई, स्टँडावरच्या बूथवरनं बोलतीया. माझ्या पैशानं, कुणाची चोरी न्हाई.” शालूबाईंनी ऐसपैस श्वास घेतला. “बरं झालं बगा ते मशिन आलं. इतकी वर्सं त्या आकड्यांच्या पायी धड बोलाय कुठं गावत हुतं?”