मेडिक्लेमबाहेरची आई

माझा धाकटा भाऊ माजरीला कोळशाच्या खाणीत आहे. सरकारी कंपनी. राहायला क्वार्टर, कॉलनीत कंपनीचा दवाखाना, आणि त्याच्या मेडिकल कार्डावर बायकोपोरांबरोबर आईचाही फोटो. तो बारावीत नापास झाला आणि खाणीत लागला. मी बी.कॉम. झालो आणि चामोर्शीजवळच्या एका खासगी राईस मिलच्या ऑफिसात बसलो. मिलमध्ये मला साहेब म्हणतात, पण नात्यातल्या लग्नात लोक पहिली चौकशी भावाची करतात. त्याच्या घरी कोणाला ताप आला असं कळलं, की माझ्या मनात आधी त्याचं कार्ड यायचं, ताप नंतर.

मिलमधला पगार आणि कामगारांचा मेडिक्लेम, दोन्ही कामं माझ्याकडं. दरवर्षी पॉलिसी संपत आली की नागपूरहून एजंट यायचा आणि आधीपेक्षा जास्त प्रीमियम सांगायचा. दवाखाने महाग झाले, औषधं महाग झाली, हे त्याचं ठरलेलं. त्या वर्षी तर आमच्या एका ड्रायव्हरला कॅन्सर निघाला होता. नवा आकडा ऐकून मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एवढ्यात तं मी सोताच सगळ्यायचे बिलं भरीन," ते म्हणाले. "तुमच्या कंपनीले काऊन देऊ?"

एजंट जणू याचीच वाट पाहत होता. तो म्हणाला, तसंच करा. लहानसहान बिलं मिलनं भरायची. मात्र एखाद्याचं बिल ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं, की वरचा भार विमा कंपनीचा. याला स्टॉप-लॉस म्हणतात, तुमचं नुकसान एका जागी थांबतं. मालकांना ते पटलं. मलाही पटलं. मग तो जाता जाता बोलल्यासारखा म्हणाला, "फक्त कामगारांचे आईबाप काढावे लागतील. सगळ्यात जास्त बिलं म्हाताऱ्यांचीच येतात."

आई माझ्याजवळ राहायची. तिचे दोन्ही गुडघे पार झिजले होते. धान निघालं की नागपूरला नेऊन वाट्या बदलायच्या, असं घरात ठरलं होतं. मालकांना ते माहीत होतं. ते माझ्याकडं वळले.

"तुमच्या आईचं नाव भावाच्या कार्डावर आहे ना? मंग तुमचं तं भागलं."

"भागलं," मी म्हणालो. त्या एका शब्दानं माझी जीभ कडू झाली.

हे कळल्यावर भावाचा फोन आला. "भाऊ, आईले पाठवून दे इकडं. काऊन टेन्शन घेऊन राह्यला?" त्याच्या आवाजात जराही मोठेपणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं, निदान रागवायला कारण मिळालं असतं.

कंपनीच्या दवाखान्यानं आईला नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. ऑपरेशनच्या दिवशी मी रजा टाकून गेलो आणि सवयीनं बिलाच्या खिडकीशी उभा राहिलो.

"तुम्ही कोण?" तिथल्या बाईनं विचारलं.

"पेशंटचा मोठा मुलगा."

"कर्मचाऱ्याला पाठवा. सही त्यांचीच लागते."

मी भावाला बोलावून आणलं. तो ड्यूटी करून तसाच आला होता, सही करतानाही जांभया देत होता. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

पुढं वॉकर धरून आई वॉर्डात चालायला लागली, तेव्हा मी पुन्हा भेटायला गेलो. ती नर्सला सांगत होती, "हा माहा लहाना. यानंच केलं सगळं." मग मी दिसलो. "आन् हा मोठा. हा चामोर्शीले असते."

चामोर्शीले असते! म्हणजे कोणी लांबचा पाहुणा. माझ्या बायकोनं रोज तिच्या गुडघ्यांना तेल लावलं, ते कोणत्या कार्डावर लिहिलेलं नव्हतं. मी पिशवीतली संत्री काढून ठेवली आणि बसची वेळ झाली असं सांगून निघालो. बसला अजून बराच अवकाश होता.

हॉस्पिटलातून आई भावाकडं गेली आणि माजरीलाच थांबली. इकडं मिलमध्ये बॉयलरवरच्या एका कामगाराची बायको सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मूठभर पोरगी. चंद्रपूरच्या दवाखान्यात तिला कित्येक आठवडे काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. बिल मर्यादेच्या वर गेलं आणि वरचे सगळे पैसे विमा कंपनीनं दिले. कागदांसाठी मीच धावपळ केली. पोरगी वाचली. तिचा बाप पेढे घेऊन आला आणि माझ्या पाया पडायला लागला. मी पेढा खाल्ला. मनात एकच होतं: ही काल आलेली पोरगी पॉलिसीच्या कुटुंबात बसते, माझी आई बसत नाही. एवढ्याशा जिवाचाही मी हेवा केला.

पॉलिसी संपत आली तसा एजंट पुन्हा आला. म्हणाला, सगळं जुन्यासारखंच, फक्त या पोरीची मर्यादा वेगळी, खूप वरची. म्हणजे ती पुन्हा आजारी पडली तर जवळजवळ सगळा भार मिलवर. नाहीतर तिला पॉलिसीबाहेर ठेवा.

मालक विचारात पडले. मी त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला.

"मागच्या वर्षी आपण म्हातारे काढले. यंदा पोरगी काढून राह्यलो. मंग हा मेडिक्लेम ठेवला कोणासाठी? जे बिमारच पडत नाई त्यायच्यासाठी?"

एजंट हसला. मालक हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या कंपनीकडं विचारायला लावलं. तिथं प्रीमियम थोडा जास्त पडला, पण पोरगी सगळ्यांसारखीच आत राहिली. तेवढ्यात मी आईबापांचाही विषय काढला. ज्याला पाहिजे त्यानं त्यांचा हप्ता पगारातून कापून द्यावा, असं ठरलं. पहिलं नाव मी माझ्या आईचं दिलं आणि रविवारी माजरी गाठली.

दार आईनंच उघडलं. हातात काठी नव्हती.

"आई, चाल आता घरी. माह्याकडं पण मेडिक्लेम झाला तुहा."

"गुडघे तं झाले ना बाबू. आता काय करू त्याचं?" ती हसत म्हणाली. "इथी बाया येतात संध्याकाळी, कॉलनीत फिरतो आम्ही. दिवाळीले येतो तुह्याकडं."

दिवाळीला ती आली. माझ्या बायकोबरोबर आठवडी बाजारात पायी फिरली, आणि होळीच्या आधी परत माजरीला गेली. तिचा हप्ता माझ्या पगारातून अजून कापला जातो. भावाला फोन केला की मी आधी तिची तब्येत विचारतो. "एकदम मस्त आहे," तो सांगतो. मला आनंद होतो, आणि ती त्याच्याकडं मस्त आहे, हे टोचायचंही काही थांबत नाही.