बसले की मतदान

अर्णव आणि सई, तुम्ही दोघांनी फोनवर विचारलं होतंत, "आजी, आत्याआजीला शेवटी त्रास झाला का गं?" आणि मी "नाही रे बाळांनो" एवढंच म्हणून फोन बाबांकडे द्यायला सांगितला होता. त्याला आता सात आठवडे झाले. अर्धवट हकिगत सांगायची माझी सवय नाही, पण तेव्हा पुढचं सांगण्याइतका आवाज नव्हता. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली आणि या गोष्टीला हवा तसा शेवट मिळाला, म्हणून आज सगळं नीट लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, ठाऊक आहे. लागू दे. तुमची आत्याआजी इंग्रजीत मावणारी नव्हती.

बातमी मला जयवंताबाईंनी दिली. त्या मोरव्याहून मासळीची पाटी घेऊन येतात, वीस वर्षं येत आहेत, आणि मागच्या गेटनं आत शिरल्या की आधी तिथला आत्याआजीचा फळा बघतात. वाचता त्यांना बेताचंच येतं. कोणाकडून तरी वाचून घेतात. त्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांनी पाटी खाली ठेवली आणि माझी बेल वाजवली.

"बाय, फला कोराच हाय."

"म्हणजे?"

"आज काय लिवलाच न्हाय. सुधाबाय बरी हाय ना?"

वन्सं चहाला आल्या नव्हत्या, पण रात्री गुडघे दुखले की त्या उशिरा उठायच्या, म्हणून मी उठवलं नव्हतं. मी खिळ्यावरची त्यांची दुसरी किल्ली घेतली आणि शेजारचं दार उघडलं. वन्सं अंथरुणातच होत्या, कुशीवर, उशाशी घडी घातलेला पेपर आणि त्यावर चष्मा. पहाटे झोपेतच गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर हे: त्रास झाला नाही. आणि त्या गेल्या हे आधी एका फळ्याला कळलं, मग आम्हाला...

वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, सुधा. लग्न केलं नाही. मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होत्या, परदेशचे कॉल जोडून द्यायच्या. आम्ही गिरगावातून इथे मीरा रोडला सिल्व्हर पार्कजवळ राहायला आलो, तेव्हा त्यांनी आमच्या शेजारचा फ्लॅट घेतला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्या मराठी शाळेतून मॅट्रिक. आजोबा गेल्यापासून आमचा नेम ठरला होता. सकाळी साडेसहाला त्या माझ्याकडे चहाला यायच्या. मी इंग्रजी पेपरातलं परदेशाचं पान मोठ्यानं वाचायचे आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगायचे. तात्पर्य काढायचं काम त्यांचं. अमेरिका सोडून बाकी जगात त्यांना रस नव्हता. "बाकीचे देश गंभीर आहेत हो वहिनी," त्या म्हणायच्या, "करमणूक तिकडेच."

चहा झाला की त्या खडू घेऊन खाली उतरत. सोसायटीनं पाण्याच्या वेळा लिहायचा जुना काळा फळा टाकून दिला होता, तो त्यांनी मागच्या गेटाशी टांगून घेतला होता. वर कायमचं रंगानं लिहिलेलं, 'आजची अमेरिका'. खाली रोज दोन-तीन ओळी, मराठीत, आणि इतरांसाठी थोडं हिंदी. तिकडे खर्चाच्या भांडणात सरकारच बंद पडलं, तेव्हा लिहिलं होतं, "एवढ्या मोठ्या देशाचं सरकार बंद. आमचा वाणी लॉकडाऊनमध्येसुद्धा मागच्या दारानं चालू होता." निवडणुकीला दोन्हीकडून म्हातारे उभे राहिले तेव्हा, "ऐंशीच्या माणसाच्या हाती अणुबॉम्बचं बटण. मला इथे वहिनी गॅसचं बटण लावू देत नाहीत." (हे खरं होतं. त्या दुधाखालचा गॅस विसरायच्या.) दर वर्षी तिथले अध्यक्ष एका टर्की कोंबडीला समारंभानं जीवदान देतात, त्यावर, "एकीला माफी, बाकीच्यांचा रस्सा. याला म्हणतात राज्यकारभार." कोणत्याही पक्षाला त्यांनी कधी सोडलं नाही. "दोनच पक्ष? आमच्या कमिटीत नऊ माणसं आणि पाच गट आहेत. लोकशाही शिकायला त्यांनी इकडे यावं," हे तर त्या दर निवडणुकीला नव्यानं लिहीत.

तुमच्या बाबांनी त्यांना कितीदा तिकडे बोलावलं. त्या म्हणायच्या, "नको रे. जवळून पाहिलं तर कीव येईल, मग लिहू काय?"

आता त्या गेटाबद्दल. आमचं मागचं गेट पेणकरपाड्याच्या बाजूला उघडतं. घरकामाच्या बायका, दूधवाला, शाळेची मुलं, जयवंताबाई, सगळे तिथूनच येतात. ते बंद केलं तर या सगळ्यांना मेन रोडवरून वीस मिनिटांचा वळसा. आमचे चेअरमन मेहताभाई माणूस भला, पण त्यांच्या डोक्यात सुरक्षेचं खूळ शिरलं. गेट कायमचं बंद करायचं, तिथे भिंत घालायची, दोन गाड्यांची जागा करायची, असा ठराव त्यांनी गेल्या वर्षीच्या सभेत आणला. बहुमत त्यांच्याकडे होतं. मी दारोदार फिरून मोजलं होतं, आम्ही हरणार हे नक्की होतं.

त्या सभेच्या पंधरा दिवस आधी मी वन्संना पेपरातून वाचून दाखवलं होतं की, अमेरिकेच्या सिनेटमध्ये एखाद्याला ठराव अडवायचा असेल तर तो उभा राहतो आणि बोलतच राहतो. पाककृती वाचतो, काहीही वाचतो. त्याला बसता येत नाही, बाहेर जाता येत नाही. बसला की संपलं, मतदान. वन्संचा चहाचा कप हातातच राहिला.

"म्हणजे नुसतं बोलून कायदा थांबतो?"

"हो."

"आणि एवढी वर्षं मी फुकट बोलले!"

एक गोष्ट त्यांच्या नेमकी लक्षात होती. त्याच्या आदल्या वर्षी मेहताभाईंनीच, म्हाताऱ्यांना खूश करायला, ठराव करून घेतला होता की पंचाहत्तरीपुढच्या सभासदांना सभेत वेळेचं बंधन नाही. आणि सभेचा हॉल आम्हाला सहापर्यंतच मिळतो. त्यानंतर तिथे कोणाची ना कोणाची हळद असते.

चार वाजायला पाच मिनिटं असताना गेटाचा विषय निघाला आणि वन्सं उभ्या राहिल्या. हातात वही. मला वाटलं, पाककृती वाचणार. त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली. आठ दिवस त्या पहाटेपासून, चहापुरत्या वर येऊन, गेटाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्या फळ्यासाठी असं मी समजत होते. "वंदना. सव्वासहा. बी विंगमध्ये चार घरच्या पोळ्या. मेहताभाई, त्यातलं एक घर तुमचं. तिला वळसा पडला तर तुमचा डबा किती वाजता होईल?" मग पुढचं नाव. कोण कुठून येतं, कोणाच्या घरी जातं, कोणाची आई आजारी असताना कोण रात्रपाळीला थांबलं होतं. अधूनमधून अमेरिका. "त्यांनीसुद्धा भिंत बांधायला घेतली होती. एवढा पैसा असून पुरी होईना. आपल्याकडे तर गच्चीची गळती अजून निघालेली नाही."

लोक हसत होते, मधूनच गप्प होत होते. पण माझं लक्ष त्यांच्या गुडघ्यांकडे होतं. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, दहा मिनिटं उभं राहवत नसे. अर्ध्या तासात त्यांनी पुढची खुर्ची धरली. मी त्यांचा पदर ओढला. "वन्सं, बसा. आपल्या सोसायटीत उभं राहायचा नियम नाही. तो सिनेटचा!"

"वहिनी, करायचं तर नियमानं करायचं. बसले की मतदान."

मेहताभाई कळवळून म्हणाले, "सुधाबेन, बेसो ने. घुटना दुखेगा. बैठके बोलो, कोई ना नहीं बोलता."

"वाह! मैं बैठूँ, और आप हाथ ऊपर कराओ? इतनी भोली नहीं हूँ, भाई."

"नहीं कराऊँगा, माताजी, मेरी माँ की कसम!"

"सिनेट में कसम नहीं चलती," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

त्या दोन तास पाच मिनिटं उभ्या होत्या. मी घड्याळ लावूनच बसले होते. सहा वाजता झेंडूच्या माळा घेऊन माणसं आत शिरली, ढोलकीवाला आला, आणि सभा तहकूब झाली. विषय पुढच्या वर्षावर गेला. वन्सं खाली बसल्या त्या कोणाच्या तरी हळदीच्या खुर्चीवर, आणि तिथेच त्यांना नवरीच्या आईनं सरबत दिलं. पुढे पंधरा दिवस त्यांना जिना उतरवेना. फळ्यावरच्या ओळी त्या मला सांगायच्या, मी जाऊन लिहायचे. इतक्या बोलण्यात एक विषय त्यांनी काढला नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. गेटाबरोबर त्यांचा फळाही जाणार होता. तो त्यांनी एकदाही मध्ये आणला नाही...

यंदा तो विषय परत आला. वन्सं नव्हत्या. त्या गेल्यापासून फळा कोराच होता. मला खडू हातात घेववत नव्हता. मी सभेत जन्मात बोललेली नाही. तुमचे आजोबा म्हणायचे, हिचं सगळं बोलणं याद्यांमध्ये असतं. पण मी वन्संची वही घेऊन गेले. गेटाचा विषय निघाला आणि उठले.

मेहताभाईंनी चष्मा काढला. "आप भी? कितना बोलोगे, माताजी?"

"वही संपेपर्यंत," मी मराठीतच म्हणाले. "मग पहिल्यापासून."

कुठेतरी खुर्ची सरकली. सी विंगचे कुलकर्णी उठले, वय अठ्ठ्याहत्तर. "यांच्यानंतर मी." मग फर्नांडिसबाई, हातातल्या काठीसकट. "आफ्टर हिम, मी." मग आणखी दोघं. मला धरून पंचाहत्तरीपुढची पाच माणसं उभी होती, आणि बसा म्हटलं तरी एकही बसेना. मागून कोणीतरी ओरडलं, "बसले की मतदान!" आणि सगळा हॉल हसला. मेहताभाईंनी माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं. मग त्यांनी ठरावाचा कागद घेतला, चार घड्या करून खिशात घातला.

"लिखो सेक्रेटरी. पीछे का गेट सुबह छह से रात नौ, हमेशा के लिए. विषय फिर नहीं आएगा." आणि मला म्हणाले, "अब तो बैठो, बेन. वंदना पूछती है, बोर्ड कब चालू होगा."

मग मी बसले. सगळ्यांचे हात वर झाले, मेहताभाईंचा सगळ्यात आधी.

सोमवारी सकाळी मी एकटीनंच पेपर वाचला, चहा घेतला आणि खाली गेले. माझं अक्षर वळणदार आहे, पण विनोद मला जमत नाही. बातमी लिहिली आणि खाली जागा सोडली. जयवंताबाईंनी वाचून घेतलं, पाटी तशीच डोक्यावर ठेवून. "बाय, बातमी हाय, पन यात सुधाबायचा टोमना खय हाय?" मग त्यांनीच एक सांगितला, आणि मी तो खाली लिहिला. वन्संच्या इतका तिखट नव्हता, पण वॉचमन हसला.

मागचं गेट सकाळी सहाला उघडतं. फळा तिथेच आहे, आणि रोज भरलेला असतो.